‘लवकरच येत आहे’

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात, एलआयसीच्या पावत्यांखाली, एक चकचकीत ब्रोशर आहे. बाबांनी २००८ साली पुण्याबाहेरच्या एका गृहप्रकल्पात फ्लॅट बुक केला, तेव्हाचं. मधल्या पानावर निळाशार स्विमिंग पूल, त्यात पिवळ्या ट्यूबमध्ये तरंगणारा एक मुलगा आणि काठावर ज्यूस पिणारे आईबाप. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तो मुलगा मीच, असं मी ठरवून टाकलं होतं. बाबांनीही बुकिंगच्या आठवड्यातच मला पोहण्याचा गॉगल आणून दिला होता.

पझेशन मिळालं तेव्हा पूलच्या जागी टू-व्हीलर पार्किंग होतं. बाबा बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलानं चहा मागवला आणि म्हणाला, “काका, पूल फेज टूमध्ये आहे.” फेज टू कधी? “परवानग्या आल्या की लगेच.” ब्रोशरच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, चित्रं काल्पनिक असल्याचं छापलेलं होतंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे टेस्ला. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत बीकेसीला टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. त्या रात्री मीही अनेकांसारखा फोनवर त्यांच्या साइटवर रंग बदलून बघत बसलो होतो. मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून पुढे. खाली स्क्रोल केल्यावर एक वेगळा पर्याय होता: ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’, सहा लाख रुपये. वर्णनाचा मथितार्थ असा, की पुढे ही गाडी चालकाच्या अगदी कमी हस्तक्षेपानं जवळपास कुठेही जाऊ शकेल. मात्र सध्या सुरू असलेल्या सुविधांवर चालकानं लक्ष ठेवणं गरजेचं आहे आणि त्यांच्यामुळे गाडी स्वयंचलित होत नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे फेज टू.”

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. जी गोष्ट आज नाही, पुढे होईल असं जाहिरात सांगते आणि तिच्यासाठी पैसे आजच घेतले जातात, ते कायद्याच्या भाषेत वचन असतं की नुसती हवा? मी वकील नाही. पण हा प्रश्न टेस्लापेक्षा खूप जुना आहे आणि त्याचा इतिहास मजेशीर आहे.

*

चालकाविना गाडीचं स्वप्न शंभर वर्षांचं आहे. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ‘अमेरिकन वंडर’ नावाची रिकामी गाडी धावली होती. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतून तिला रेडिओ संदेश दिले जात होते. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं ‘फ्युचरामा’ नावाचा भव्य देखावा उभारला. १९६० साली अमेरिका कशी दिसेल, महामार्गांवर गाड्या आपोआप सुरक्षित अंतर राखून कशा धावतील, हे नॉर्मन बेल गेडेस या डिझायनरनं छोट्या प्रतिकृतींतून दाखवलं होतं. बाहेर पडताना लोकांना ‘मी भविष्य पाहिलंय’ अशा अर्थाचा बिल्ला मिळायचा. १९५०च्या दशकात अमेरिकन वीज कंपन्यांच्या एका जाहिरातीत काचेच्या छताच्या गाडीत बसलेलं चौकोनी कुटुंब पटावर खेळतंय आणि गाडी आपली आपण चालली आहे, असं चित्र होतं.

१९६० आलं आणि गेलं. यातलं काही झालं नाही, तरी जनरल मोटर्सवर कुणी खटला भरला नाही. भरणार तरी कशाच्या आधारावर? फ्युचरामा बघायला आलेल्या माणसाला भविष्य बघायला मिळालं, बिल्ला मिळाला, तो घरी गेला. त्यानं १९३९ साली गाडी घेतली तेव्हा बिलावर ‘आपोआप चालण्याची सोय, १९६० पासून’ अशी ओळ नव्हती आणि तिच्यापुढे रक्कमही नव्हती.

ती ओळ आणि ती रक्कम बिलावर येते, तेव्हा काय होतं? त्याचं एक उत्तर १८९१च्या लंडनमध्ये सापडतं.

*

युरोपात तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती. लोक घाबरलेले होते आणि घाबरलेल्या लोकांना काहीही विकता येतं, हे आपण कोविडमध्ये पाहिलंच आहे. ‘कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी’ एक रबरी चेंडू विकत होती. त्यात कार्बोलिक ॲसिडची पूड, वर एक नळी. नळी नाकाशी धरून चेंडू दाबायचा, म्हणजे सर्दी-ताप जवळ येत नाही म्हणे. किंमत दहा शिलिंग. नोव्हेंबर १८९१ मध्ये कंपनीनं ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये जाहिरात दिली: हा चेंडू दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सांगितल्याप्रमाणे वापरूनही कुणाला इन्फ्लुएंझा झाला, तर आम्ही १०० पौंड देऊ. आमचा प्रामाणिकपणा दाखवायला रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत १,००० पौंड जमा केले आहेत.

लुइसा कार्लिल नावाच्या बाईंनी चेंडू घेतला. २० नोव्हेंबरपासून इमानेइतबारे वापरला. १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांचे यजमान सॉलिसिटर होते. त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं, उत्तर नाही. दुसरं पाठवलं, तरीही नाही. तिसऱ्यावर बिनसहीचं उत्तर आलं: खोटे दावे टाळण्यासाठी बाईंनी रोज आमच्या ऑफिसात येऊन आमच्या सेक्रेटरीसमोर चेंडू वापरून दाखवावा.

खटला उभा राहिला. पहिल्या सुनावणीत कंपनीची बाजू मांडणारे वकील होते एच. एच. अॅस्क्विथ, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: ही नुसती जाहिरातबाजी होती. जगातल्या सगळ्यांशी कुणी करार करतं का? आणि त्यात मुदत तरी कुठे लिहिली होती? आयुष्यात कधीही ताप आला तर पैसे द्यायचे का?

डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाच्या लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ या तिन्ही न्यायमूर्तींनी बाईंच्या बाजूनं निकाल दिला. बँकेत हजार पौंड ठेवल्याचं स्वतःच सांगायचं आणि मग म्हणायचं आम्ही गंमत केली, हे चालणार नाही. मुदत लिहिली नव्हती, तर न्यायालय शहाण्या माणसाला पटेल असा अर्थ लावेल. बाई तर चेंडू वापरत असतानाच आजारी पडल्या होत्या, त्यामुळे मुदतीचा कुठलाही अर्थ घेतला तरी त्या त्यात बसत होत्या. आजही जगभरात, आपल्याकडेही, कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा खटला शिकवतात.

पण स्मोक बॉलचा निकाल आपल्या प्रश्नाला अर्धंच उत्तर देतो. तिथे अट नेमकी होती: तीनदा, दोन आठवडे, १०० पौंड. ‘पुढे कधीतरी गाडी स्वतः चालेल’ यात काय नेमकं आहे?

*

इथे त्याच बोवेन साहेबांचा सात वर्षं आधीचा, १८८५चा, दुसरा निकाल कामाला येतो. लंडनमधल्या एका कंपनीनं लोकांकडून कर्ज उभारण्यासाठी पत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं की हा पैसा इमारतीत सुधारणा करायला, घोडे आणि गाड्या घ्यायला आणि मासळीचा पुरवठा वाढवायला वापरू. एजिंग्टन नावाच्या पाद्रीबुवांनी १,५०० पौंड घातले. प्रत्यक्षात संचालकांना तो पैसा जुनी देणी भागवायला हवा होता.

संचालकांचा बचाव असा, की आम्ही भविष्याबद्दल बोललो होतो. भविष्याबद्दलचं बोलणं खरं किंवा खोटं कसं असेल? बेत बदलतात.

बोवेन यांनी जे उत्तर दिलं त्याचा मतितार्थ असा: माणसाच्या मनाची स्थिती ही त्याच्या पचनाच्या स्थितीइतकीच खरी गोष्ट आहे. सिद्ध करायला अवघड असेल, पण सिद्ध झाली तर ती वस्तुस्थितीच. ‘मी पुढे असं करणार आहे’ असं म्हणताना माझ्या मनात तसं करायचं नसेलच, तर मी भविष्याबद्दल नाही, आजच्याबद्दल खोटं बोललो. पाद्रीबुवांनी पत्रक वाचताना स्वतःही एक चुकीचा समज करून घेतला होता, कर्जाला मालमत्तेचं तारण आहे असा. तरीही न्यायालयानं संचालकांना सोडलं नाही. ‘तुम्हीच नीट वाचलं नाही’ एवढ्यानं सुटका होत नाही.

तिसरी बाजूही सांगायला हवी. तुमच्यापैकी अनेकांनी पेप्सी आणि लढाऊ विमानाची डॉक्युमेंटरी पाहिली असेल. १९९०च्या दशकात अमेरिकेत पेप्सीनं बाटल्यांवरचे पॉइंट जमवून टी-शर्ट, जॅकेट मिळवायची योजना काढली. जाहिरातीच्या शेवटी एक शाळकरी पोरगा हॅरियर विमानातून शाळेत उतरतो आणि पडद्यावर येतं: ७० लाख पॉइंट. नियमांप्रमाणे कमी पडणारे पॉइंट दहा सेंटला एक असे विकत घेता यायचे. एका तरुणानं १५ पॉइंट आणि ७,००,००८.५० डॉलरचा चेक पाठवला आणि विमान मागितलं. १९९९ मध्ये न्यायाधीश किंबा वुड यांनी त्याचा दावा फेटाळला. सुमारे २.३ कोटी डॉलरचं विमान या भावात कुणी देईल, असं कुठलाही समंजस माणूस मानणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे एका टोकाला स्मोक बॉल, दुसऱ्या टोकाला पेप्सीचं विमान. मध्ये पाद्रीबुवांचे घोडे. आता टेस्लाची गाडी यात कुठे बसते ते पाहू.

*

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी टेस्लानं जाहीर केलं, की आतापासून आमच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलित होण्यासाठी लागणारं हार्डवेअर असेल. सॉफ्टवेअर नंतर येईल. ते हवं असेल तर ५,००० डॉलरच्या ‘एन्हान्स्ड ऑटोपायलट’वर आणखी ३,००० डॉलर भरायचे. खाली लिहिलेलं होतं, की हे सगळं सॉफ्टवेअरच्या सखोल तपासणीवर आणि सरकारी परवानगीवर अवलंबून आहे. एक व्हिडिओही आला. त्यात गाडी स्वतः चालत होती आणि चालक केवळ कायद्याची अट म्हणून बसलाय, असं सुरुवातीला लिहिलं होतं. त्या रस्त्याचा नकाशा आधी तयार केला होता, हे कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानं पुढे शपथेवर सांगितलं. ते बाहेर आलं २०२३ मध्ये.

इलॉन मस्क यांनी २०१७ संपेपर्यंत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत चालकाचा हात न लागता गाडी नेऊन दाखवू असं म्हटलं होतं. तो प्रवास त्या वर्षी झाला नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी पुढच्या वर्षी रस्त्यावर दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी असतील असं सांगितलं. २०२० संपलं. पर्यायाची किंमत मात्र चढत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १५,००० डॉलर होती. एप्रिल २०२४ मध्ये ८,००० वर आली आणि त्याच वर्षी नावापुढे कंसात ‘देखरेखीखाली’ हा शब्द जोडला गेला. जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनी मान्य केलं, की ज्यांनी हा पर्याय विकत घेतलाय त्यांच्या गाडीत ‘हार्डवेअर ३’ असेल तर तो कॉम्प्युटर बदलावा लागेल.

कंपनीची बाजूही पोकळ नाही. सॉफ्टवेअर सुधारत गेलं हे खरं आहे. २०२२च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत पैसे भरलेल्या सगळ्यांना शहरी रस्त्यांवर चालणारी, पण चालकानं लक्ष ठेवायची, आवृत्ती मिळाली. जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये मोजक्या रोबोटॅक्सी सुरू झाल्या, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. न्यायालयात कंपनीनं म्हटलं, की दूरच्या, महत्त्वाकांक्षी ध्येयापर्यंत पोचता आलं नाही म्हणजे फसवणूक होत नाही. हे वाक्य पटण्यासारखं आहे. नवं काही बनवणाऱ्यानं भविष्याबद्दल बोलूच नये असं ठरवलं, तर नवं काही बनणारच नाही.

न्यायालयांनी काय केलं? २०१८ मध्ये ‘एन्हान्स्ड ऑटोपायलट’ उशिरा दिल्याच्या दाव्यात कंपनीनं सुमारे ५० लाख डॉलरची तडजोड केली. ग्राहकांच्या हाती आले प्रत्येकी २० ते २८० डॉलर. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात नवा दावा दाखल झाला. २०२३ मध्ये त्यातल्या चार जणांना न्यायालयानं लवादाकडे पाठवलं, कारण गाडी घेताना त्यांनी मान्य केलेल्या करारात तसं कलम होतं. पाचव्यानं ते कलम नाकारलं होतं. त्याचा दावा मात्र उशिरा आला म्हणून तेव्हा बाद झाला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. ‘लवकरच येत आहे’ ऐकून जो माणूस धीर धरतो, त्यालाच शेवटी ‘तुम्ही फार थांबलात’ म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं.

दावा सुधारून पुन्हा आला. मे २०२४ मध्ये न्यायाधीश रीटा लिन यांनी त्याचा काही भाग चालू ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ठरावीक ग्राहकांना एकत्रित दावा चालवायची परवानगी दिली. प्रत्येकानं तीच जाहिरात पाहिली कशावरून, हा कंपनीचा मुद्दा होता. लिन यांचं उत्तर असं, की टेस्ला इतरांसारखी जाहिरात करत नाही, डीलर ठेवत नाही, स्वतःच्या साइटवरूनच विकते, त्यामुळे ग्राहकांनी तिथलं वाचलं असेल असं धरणं रास्त आहे. हा अंतिम निकाल नव्हे. उलट २०२४ मध्ये भागधारकांचा एक दावा दुसऱ्या न्यायाधीशांनी फेटाळला, कारण त्यांच्या मते त्यातली बरीच विधानं भविष्यातल्या बेतांबद्दलची होती. एकाच कंपनीची एकाच प्रकारची विधानं. पण शेअर घेणारा जोखीमच विकत घेतो. गाडी घेणाऱ्याच्या बिलावर मात्र वेगळी ओळ असते.

त्या ओळीबद्दल मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट कंपनीच्याच वार्षिक अहवालात आहे. गाडी विकल्यावर आलेल्या पैशांतला काही भाग टेस्ला उत्पन्न म्हणून लगेच दाखवत नाही. ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’, इंटरनेट जोडणी, पुढचे सॉफ्टवेअर अपडेट अशा गोष्टींपोटी तो ‘अजून न कमावलेलं उत्पन्न’ म्हणून बाजूला ठेवला जातो. हिशेबाचा नियम साधा आहे: पैसे आले, पण द्यायची वस्तू अजून दिली नाही, तर ते देणं आहे. अलायन्स बँकेतल्या त्या हजार पौंडांची मला आठवण झाली.

*

आता बीकेसीकडे परत येऊ. आपला भारतीय करार अधिनियम १८७२चा, म्हणजे स्मोक बॉलच्या निकालाहून वीस वर्षांनी जुना. त्याच्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थच निश्चित होत नाही तो रद्दबातल. पण कलम ४६ म्हणतं, की वचन कधी पाळायचं ते लिहिलं नसेल तर ते वाजवी मुदतीत पाळलं पाहिजे आणि वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खोटी हमी देणं आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं, दोन्ही त्यात येतं. केंद्रीय प्राधिकरण पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं.

आणि रेरा आहेच. २०१६च्या त्या कायद्याचं कलम १२ सांगतं, की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट बघून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह परत. ब्रोशर ही नुसती सजावट नाही, हे कायद्यानं घरांच्या बाबतीत लिहून ठेवलं. गाड्यांसाठी असं खास कलम आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ पासून एवढं केलंय, की अर्धवट स्वयंचलित सोयीला पूर्ण स्वयंचलित वाटेल असं नाव देता येणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा सांगितलं होतं, की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून ते भारतात चालकाविना गाड्या येऊ देणार नाहीत. म्हणजे जाहिरातीतल्या ‘परवानगीवर अवलंबून’ या शब्दांचा इथला अर्थ बराच जड आहे आणि तो सहा लाख भरणाऱ्याला आधीच माहीत असू शकतो. उद्या वाद झालाच, तर हीच गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरली जाईल. विकणाऱ्यालाही ती माहीत होती, असं त्याचा वकील म्हणेल.

तर जाहिरातीतलं भविष्य बंधनकारक असतं का? सरसकट नाही. मला समजलं ते इतकंच. नुसतं स्वप्न दाखवलं तर ते फ्युचरामा. वेगळे पैसे घेतले तर ते वचनाच्या जवळ सरकतं. ते घेताना विकणाऱ्याला काय माहीत होतं, हे कळलं तर पाद्रीबुवांचा निकाल हाताशी आहे. आणि मुदत लिहिली नसेल, तर ती अमर्याद आहे असा अर्थ होत नाही. गाडीचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. हा पर्याय एरवी गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. गाडी विकली की भविष्यही तिच्याबरोबर गेलं. गाडी भंगारात गेल्यावर आलेलं सॉफ्टवेअर वाजवी मुदतीत आलं, असं कुठल्याही न्यायाधीशाला म्हणता येईल असं मला वाटत नाही.

लिहून झाल्यावर बाबांना विचारलं, तुम्ही तेव्हा तक्रार का नाही केली? रेरा नव्हता, पण ग्राहक मंच होता. ते म्हणाले, “अरे, दरवर्षी वाटायचं, यंदा होईल.”

फेज टूची इमारत २०१७ मध्ये झाली. पूलही झाला, ब्रोशरमधल्यापेक्षा लहान. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. गॉगलचं रबर कडक होऊन तुटलं होतं.